धूळ उडते तिथेच पकडायला हवी, आणि मापात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या हवेची चर्चा दर हिवाळ्यात सुरू होते आणि पाण्याच्या फवाऱ्यांवर येऊन थांबते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी काढलेल्या सूचनांत उंच पत्रे, पाडकामाभोवती कापड, दिवसातून अनेकदा फवारणी, धुके सोडणाऱ्या तोफा असे सगळे आले. ते करायलाच हवे. पण हे उपाय धूळ हवेत पसरल्यानंतरचे आहेत. लादी-दगड कापणारे गाळे, फर्निचरचे कारखाने, ग्राइंडिंगची दुकाने, रेडिमिक्स काँक्रीटचे प्लांट इथे धूळ ठरावीक जागी तयार होते आणि तिथल्या तिथे ओढून हवेतून वेगळी काढता येते. त्यासाठी लागणारी यंत्रणा जुनी आहे, साधी आहे, साकीनाक्याचा किंवा कुर्ल्याचा कुठलाही बरा फॅब्रिकेटर ती बनवू शकतो. अडचण अशी की ती बसवली जाते, पण मापात बसवली जात नाही. ‘डस्ट कलेक्टर आहे’ एवढे पाहून तपासणी संपते. तो धूळ पकडतो का, हे आकड्यांनी कसे ठरवायचे ते गाळेधारक, फॅब्रिकेटर, सोसायटीचे पदाधिकारी आणि तपासनीस अशा सर्वांना माहीत असावे म्हणून हे पत्र.

सुरुवात यंत्रणेच्या धूळ ओढून घेणाऱ्या तोंडापासून, म्हणजे हूडपासून करावी लागते, कारण जी धूळ हूडमध्ये शिरलीच नाही तिला पुढचे कुठलेही यंत्र पकडू शकत नाही. हूडपासून दूर जाल तसा हवेचा ओढा फार झपाट्याने पडतो. सपाट तोंडाच्या हूडसाठी नियम (मापे मीटर-सेकंदात) असा: लागणारी हवा = ओढ्याचा वेग × (१० × अंतराचा वर्ग + तोंडाचे क्षेत्रफळ). कापणीच्या जागी सेकंदाला १ मीटर वेग हवा आहे आणि तोंड ०.०२ चौरस मीटरचे आहे असे धरू. हूड १५ सेंटिमीटरवर असेल तर तासाला सुमारे ८८० घनमीटर हवा लागते. तोच हूड ३० सेंटिमीटरवर नेला की ३,३०० घनमीटर. अंतर दुप्पट, हवा जवळजवळ चौपट. कामगाराला हात घालायला जागा हवी म्हणून हूड वर सरकवला जातो आणि त्याच दिवशी सगळी यंत्रणा निकामी होते, जरी ब्लोअरचा (हवा ओढणाऱ्या पंख्याचा) आवाज तोच असला तरी. तोंडाभोवती चारी बाजूंनी सपाट पट्टी लावली तर सुमारे पाव हवा वाचते. ती जरूर लावावी.

आता सायक्लॉन, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ वेगळी काढणारे पत्र्याचे भांडे. धुळीची हवा वरच्या दंडगोलात भिंतीला लगटून, तिरकी आत सोडली जाते. ती गरगरत खाली उतरते, कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात, भिंतीवरून घसरत शंकूतून खालच्या डब्यात पडतात. हवा शंकूच्या टोकापाशी उलटते आणि मधल्या नळीतून वर निघून जाते. हलता भाग एकही नाही. म्हणूनच सगळे काम मापांवर चालते. स्टेअरमंड यांनी १९५१ मध्ये मांडलेली प्रमाणे आजही बारीक धुळीसाठी वापरली जातात. दंडगोलाचा व्यास ‘व्या’ धरला तर हवा शिरण्याचे चौकोनी तोंड उंचीला ०.५ व्या, रुंदीला ०.२ व्या, मधल्या नळीचा व्यास ०.५ व्या आणि ती छतापासून आत ०.५ व्या उतरलेली, दंडगोल १.५ व्या उंच, एकूण उंची ४ व्या, आणि खालचे भोक ०.३७५ व्या.

लादी कापणाऱ्या दोन-तीन यंत्रांच्या गाळ्याचे उदाहरण घेऊ. तासाला सुमारे १,९५० घनमीटर हवा आहे. सायक्लॉनच्या तोंडाशी वेग सेकंदाला १५ मीटर ठेवायचा, तर व्यास ६०० मिमी येतो. तोंड ३०० × १२० मिमी, मधली नळी ३०० मिमी व्यासाची आणि ३०० मिमी आत, दंडगोल ९०० मिमी, एकूण उंची २,४०० मिमी, खालचे भोक २२५ मिमी. येणारा डक्ट (हवेची नळी) २०० मिमी व्यासाचा घेतला तर त्यात १७ मीटर वेग राहतो आणि दगडाची भुकटी वाटेत साचत नाही. गोल डक्टचा चौकोन करताना तो हळूहळू निमुळता करावा. एकदम पत्रा वाकवून जोडला तर हवा एका बाजूला फाटते. कोपऱ्याचा बाक डक्टच्या व्यासाच्या किमान दीडपट त्रिज्येचा असावा. फांदी मुख्य नळीला ३० अंशांत जोडावी, काटकोनात कधीही नाही.

हा सायक्लॉन दगडाच्या धुळीचे (घनता घनमीटरला २,६०० किलो) ३.८ मायक्रॉनचे निम्मे कण पकडतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनचे सुमारे ८७ टक्के, २० मायक्रॉनचे ९६ टक्के. पण २ मायक्रॉनचे जेमतेम २२ टक्के, आणि १ मायक्रॉनचे ६-७ टक्के. हे आकडे पुन्हा वाचावेत, कारण सगळा गैरसमज इथे आहे. फुप्फुसाच्या तळाशी पोचणारी धूळ ती हीच बारीक. डब्यात रोज पोतेभर भुकटी जमते, मालकाला समाधान वाटते, आणि सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) करणारा भाग नळीतून बाहेर पडत राहतो. नुसता सायक्लॉन बसवून त्याची हवा परत गाळ्यातच सोडणे हा सर्वांत वाईट प्रकार. दिसणारी धूळ गेल्यामुळे कामगार तोंडावरचा मास्कही काढतो. लाकडाचा भुसा हलका असल्याने त्याच सायक्लॉनमध्ये निम्म्या पकडीचा आकडा (ज्या आकाराचे निम्मे कण पकडले जातात तो) ८ मायक्रॉनच्या आसपास जातो, म्हणजे पॉलिशपेपरची पिठासारखी धूळ तर जवळपास सगळीच निसटते.

‘मोठा घेतला तर जास्त पकडेल’ ही समजूत उलटी आहे. त्याच हवेला १ मीटर व्यासाचा सायक्लॉन दिला तर तोंडाशी वेग ५.४ मीटरवर येतो आणि निम्म्या पकडीचा आकडा ३.८ वरून ८ मायक्रॉनच्या वर जातो. दुसऱ्या टोकाला, वेग २५ मीटरच्या पुढे रेटला तर भिंतीवर बसलेली धूळ पुन्हा उचलली जाते आणि तोंडासमोरचा पत्रा झिजून भोक पडते. १५ ते २० मीटर हीच कामाची पट्टी. दगडाच्या धुळीसाठी तोंडासमोरच्या भागात आतून बदलता येईल अशी जाड पट्टी लावावी. भोक पडल्यावर बाहेरून पॅच मारला तर आत खाच राहते आणि कण तिथून उडून मधल्या नळीत जातात. आतले वेल्डिंग घासून सपाट करणे हेही याच कारणासाठी.

मुंबईतली खास अडचण गाळ्याच्या उंचीची. २,४०० मिमीचा सायक्लॉन, खाली डबा, वर बाक आणि स्टँड मिळून साडेतीन मीटरच्या वर जाते. छत आड आले की फॅब्रिकेटर शंकू कापतो किंवा मधली नळी छताशीच संपवतो. दोन्ही घातक. नळी आत उतरली नसेल तर आलेली हवा गिरकी न घेताच थेट वर निघून जाते. शंकू आखूड केला तर फेरे कमी होतात आणि कोन उघडा पडून धूळ भिंतीवर चिकटून राहते. याला चांगला उपाय आहे: एकाऐवजी ४२० मिमी व्यासाचे दोन सायक्लॉन शेजारी-शेजारी लावावेत. हवा निम्मी-निम्मी, वेग तोच, उंची प्रत्येकी १,६८० मिमी. शिवाय लहान व्यासामुळे निम्म्या पकडीचा आकडा ३.२ मायक्रॉनपर्यंत सुधारतो. अट दोनच. दोघांकडे जाणाऱ्या नळ्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या बाकांच्या असाव्यात, आणि दोघांचे डबे वेगळे असावेत. डबा एकच ठेवला आणि दोघांच्या दाबात थोडाही फरक पडला, तर एकाची हवा डब्यातून दुसऱ्यात शिरते आणि जमलेली धूळ सोबत घेऊन वर जाते.

सायक्लॉन सर्वांत जास्त बिघडतो तो खालच्या टोकाला. ब्लोअर यंत्रणेच्या शेवटी असल्याने सायक्लॉनमध्ये सगळीकडे खेच असते, आणि मधल्या भोवऱ्यात ती सर्वांत जास्त. डब्याच्या जोडातून बाहेरची हवा थोडी जरी आत शिरली तरी ती सरळ वर धावते आणि पडत असलेली धूळ घेऊन जाते. मापे अचूक असूनही पकड कोसळते ती यामुळे. तपासणी कुणालाही करता येते: ब्लोअर चालू ठेवून पेटलेली अगरबत्ती डब्याच्या कडेने, झाकणाच्या गॅस्केटजवळून आणि फ्लँजच्या बोल्टपाशी फिरवावी. धूर आत ओढला गेला की तिथे गळती. डबा चालू यंत्रणेत उघडायचा असेल तर मध्ये रोटरी एअरलॉक (हवा न शिरू देणारी फिरत्या पात्यांची झडप) किंवा दुहेरी झडप हवी; दुहेरीत एक झाकण बंद असतानाच दुसरे उघडले पाहिजे. साधा डबा असेल तर तो दोन-तृतीयांश भरायच्या आत रिकामा करावा. भोवऱ्याचे शेपूट शंकूच्या खाली डब्यापर्यंत पोचते आणि वर आलेला ढीग उकरून काढते. गोणी बांधून काम चालवणाऱ्यांच्या गोण्या खेचीमुळे आत चिमटतात आणि भोक बंद होते. तिथे कडक डबाच हवा.

यंत्रणा काम करते की नाही हे सांगणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात भरलेले रंगीत पाणी. तिचे एक टोक सायक्लॉनच्या आधीच्या डक्टला, दुसरे नंतरच्या डक्टला जोडायचे. वरच्या मापांचा सायक्लॉन १५ मीटर वेगाला नळीच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत सुमारे ८८ मिमी फरक दाखवतो, १२ मीटरला ५६, १८ मीटरला १२७. पहिल्या दिवशीचा आकडा रंगाने भिंतीवर लिहून ठेवावा. तो पुढे निम्म्यावर आला तर हवा कमी झाली आहे: पुढचा फिल्टर चोंदला असेल, डक्टमध्ये धूळ बसली असेल, बेल्ट घसरत असेल. आणि एक चूक वारंवार आढळते. मोटरच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल झाल्या की ब्लोअरचे पाते उलटे फिरते. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरूनही हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. वायरमनने मोटर सोडून पुन्हा जोडली की बाणाची दिशा पाहणे सक्तीचे मानावे.

बारीक धुळीसाठी सायक्लॉनच्या पुढे बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांतून हवा गाळणारी पेटी लागते. इथे विचारायचा आकडा एकच: दर चौरस मीटर कापडातून मिनिटाला किती घनमीटर हवा जाते. दगड-सिमेंटच्या धुळीसाठी हवेच्या झटक्याने साफ होणाऱ्या फिल्टरला तो १ ते १.५ च्या आत असावा. आपल्या उदाहरणात मिनिटाला ३२.५ घनमीटर हवा आहे; १.२ धरले तर २७ चौरस मीटर कापड हवे. १५० मिमी व्यासाच्या, २.४ मीटर लांबीच्या २४ बॅगा झाल्या. कोटेशनमध्ये ‘१२ बॅगा पुरतील’ असे लिहिले असेल तर ते चूक आहे. कापडावरचा भार दुप्पट झाला की बारीक धूळ धाग्यांच्या आत घुसते, आणि नंतर कितीही झटके दिले तरी निघत नाही. ब्लोअरला हूड-डक्टचे, सायक्लॉनचे ८८ आणि बॅगांचे १२० ते १५० मिमी मिळून २८० मिमीच्या आसपास खेच द्यावी लागते. त्याला ५ अश्वशक्तीची मोटर लागते. याहून बरीच लहान मोटर सुचवणाऱ्याने एकतर हवा कमी धरली आहे किंवा कापडाचा विरोध मोजलाच नाही.

पावसाळ्यातच बहुतेक बॅगा मरतात. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलसर, आणि बॅगांना साफसफाईचे झटके देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी जमते. ते रोज सकाळी सोडले नाही तर ५-६ बारच्या प्रत्येक झटक्यासोबत बॅगेच्या आत पाण्याचा फवारा जातो आणि सिमेंट कापडातच घट्ट होते. एअरलाइनला ड्रायर किंवा निदान चांगला वॉटर सेपरेटर असावा. काम संपल्यावर ब्लोअर लगेच बंद न करता दहा मिनिटे कोरडी हवा ओढू द्यावी, मग ब्लोअर थांबवून झटके चालू ठेवावेत. कापड रात्रभर धुळीने लडबडलेले राहू नये. पाणी आणि तेल न धरणारी प्रक्रिया केलेले पॉलिएस्टर फेल्ट थोडे महाग पडते, पण समुद्राजवळच्या शहरात तेच घ्यावे. ओल्या कटरचा चिखल किंवा तुषार ज्या डक्टमध्ये जातात तो डक्ट बॅग फिल्टरला मुळीच जोडू नये.

रेडिमिक्स प्लांटच्या सायलोचा (सिमेंट साठवण्याच्या उंच टाकीचा) प्रश्न यातलाच, पण रागावण्यासारखा. बल्करमधून (सुटे सिमेंट आणणाऱ्या टँकरमधून) सिमेंट हवेच्या जोराने सायलोत चढवले जाते आणि ती सगळी हवा सायलोच्या माथ्यावरच्या फिल्टरमधून बाहेर पडायला हवी. तो फिल्टर चोंदलेला असेल तर सायलोत दाब वाढतो, सुरक्षा झडप उघडते आणि राखाडी ढग शेजारच्या वस्तीवर उतरतो. त्या झडपेच्या बैठकीवर सिमेंट बसून ती अर्धवट उघडी राहिली तर मग प्रत्येक बल्करला गळतीच. सर्वांत धोक्याचा क्षण बल्कर रिकामा होत असतानाचा असतो: सिमेंट संपते, नळीतला विरोध जातो आणि उरलेली दाबाची हवा एकदम सायलोत शिरते. चालकाने शेवटच्या मिनिटांत दाब उतरवायला हवा, आणि लवकर सुटावे म्हणून तो वाढवू नये. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारे मीटर जमिनीवरून वाचता येईल असे असावे. माथ्यावर चढून कुणी वाचत नाही. सायलो भरल्याचा इशारा मिळताच भरणीची झडप आपोआप बंद होण्याची सोयही असावी, नाहीतर सिमेंट थेट फिल्टरमध्ये शिरते.

घरांच्या नूतनीकरणात हातातल्या ग्राइंडरने लादी आणि भिंत कोरडीच कापली जाते. ही धूळ जिन्यात, शेजारच्या घरात पसरते आणि तिच्यात स्फटिकरूप सिलिका असते. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात चाकावर आवरण आणि चाकाच्या दर इंच व्यासाला मिनिटाला किमान २५ घनफूट हवा ओढणारा व्हॅक्यूम सांगितला आहे. पाच इंची चाकाला म्हणजे तासाला सुमारे २१० घनमीटर. त्या व्हॅक्यूमला आधी सायक्लॉन किंवा फिल्टर आपोआप साफ होण्याची सोयही लागते, कारण त्याशिवाय ओढा फार लवकर पडतो. आपल्या कायद्यातही सिलिकाच्या धुळीची मर्यादा ठरलेली आहे आणि सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. पण फ्लॅटमधली कामे कुणाच्याच नजरेत येत नाहीत. सोसायट्यांनी नूतनीकरणाला परवानगी देताना ‘कोरडी कापणी नाही, किंवा व्हॅक्यूमसह’ ही ओळ घालावी.

ओशिवऱ्यासारख्या फर्निचर बाजारातल्या आणि ॲल्युमिनियम पॉलिश करणाऱ्या गाळ्यांसाठी एक इशारा. लाकडाची आणि ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, बंद डब्यात स्फोटही होतो. लोखंड घासण्याच्या यंत्राचा डक्ट अशा यंत्रणेला कधीही जोडू नये. एक ठिणगी पुरते. डक्टचे सर्व भाग अर्थिंगने जोडलेले असावेत, बॅगा अँटिस्टॅटिक असाव्यात, फिल्टरच्या अंगावर स्फोटाचा दाब बाहेर सोडणारे दार असावे आणि ते माणसांच्या वाटेकडे उघडू नये.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयांना आमची विनंती आहे की प्रत्येक धूळ यंत्रणेवर एक पाटी सक्तीची करावी: तासाला किती घनमीटर हवा, सायक्लॉन आणि फिल्टरवर किती मिमी दाबफरक, किती चौरस मीटर कापड. शेजारी पाण्याची नळी जोडता येईल अशी छोटी तोंडे कायमची बसवलेली असावीत. तपासनीस नळी लावेल, पाटीशी ताडून पाहील, पाच मिनिटांत निकाल. राष्ट्रीय मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीत पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) ची मर्यादा घनमीटरला १०० आणि पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे) ची ६० मायक्रोग्रॅम आहे. शहरातल्या केंद्रांवर हे आकडे मोजले जातात, पण धूळ सोडणाऱ्या तोंडाशी फारसे काही मोजले जात नाही.

ज्या लहान गाळ्याला सगळे एकदम परवडत नाही त्याने पैसे या क्रमाने घालावेत: आधी यंत्राला भिडणारा नीट हूड आणि योग्य डक्ट, मग पुरेशा कापडाचा बॅग फिल्टर, आणि भरड धूळ खूप पडत असेल तरच बॅगांचा भार हलका करायला सायक्लॉन. आज बहुतेक ठिकाणी नेमका उलट क्रम दिसतो. जमलेली भुकटी ओलसर करून जाड पिशवीत बंद करूनच बाहेर काढावी. गटारात ओतलेले सिमेंट तिथेच दगड होते आणि पावसाळ्यात पाणी तुंबते.

आपले,
धूळ नियंत्रण यंत्रणांच्या आरेखनाचे काम करणारे काही यांत्रिकी अभियंते,
मुंबई